माका की एकदांडी?

फुटपाथच्या फटीत किंवा भिंतीच्या पायथ्याशी पांढऱ्या पाकळ्यांचं बारीक फूल दिसलं, की त्याला माका म्हणून लोक मोकळे होतात. बहुतेक वेळा ती एकदांडी असते. कंबरमोडी आणि दगडी पाला ही तिचीच नावं. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली ही वनस्पती आता उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरली आहे. माका म्हणजे संस्कृतातला भृंगराज, एक्लिप्टा प्रोस्ट्राटा. औषधासाठी पाला तोडणाऱ्याला तरी हा फरक ठाऊक हवाच.

घोटाळा का होतो, हे समजण्यासारखं आहे. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, दोन्हींची पानं समोरासमोर येतात, दोन्हींवर खरखरीत लव असते आणि दोन्ही जमिनीलगत पसरतात. शिवाय या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. त्यामुळे ‘पांढरी फुलं’ एवढ्या वर्णनावर काहीच ठरत नाही.

मी सगळ्यात आधी दांडा बघते. एकदांडीचा फुलोरा लांब, सडसडीत, केसाळ दांड्यावर एकटाच उभा असतो. झाड जमिनीवर लोळत असलं तरी फूल वीतभर उंच गेलेलं दिसतं. माक्याचा दांडा आखूड, फार तर बोटभर. फुलं पानांच्या बगलेत, एकेकटी किंवा जोडीनं, जवळजवळ पानांतच बसल्यासारखी असतात. रस्त्यावरून चालता चालतासुद्धा एवढं दिसतं, म्हणून ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते.

मग खाली बसावं. एकदांडीच्या कडेला पाकळ्या मोजक्या, बहुधा पाच, रुंद आणि दुधी किंवा फिकट पिवळसर. प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते असतात आणि मधला भाग पिवळाधमक. माक्याचं फूल त्याहून लहान, जेमतेम सेंटिमीटरभर. त्याच्या कडेला बारीक, अरुंद पांढऱ्या पाकळ्यांची दाट झालर असते आणि मधला भागही पांढुरका किंवा हिरवटच. मध्ये ठसठशीत पिवळा रंग दिसला तर तो भृंगराज नव्हे. (पिवळा माका नावाची आणखी एक वनस्पती आहे, पण तिच्या पाकळ्याही पिवळ्या असतात.)

फूल नसेल तेव्हा खरी परीक्षा. एकदांडीचं पान जाडसर, कडा वेड्यावाकड्या कातरलेल्या, कधी कधी बाजूला कोपरे फुटलेले. माक्याचं पान लांबट, भाल्याच्या पात्यासारखं, कडा जवळजवळ सरळ आणि देठ नसल्यासारखाच. तरीही शंका उरली तर एक कोवळं खोड मोडून बोटांत चुरडावं आणि थोडं थांबावं. माक्याचा रस काही मिनिटांत काळपट होतो, बोटांवरही डाग उमटतो. एकदांडीच्या रसाला तसा रंग चढत नाही.

बियांमध्ये तर गफलत व्हायला जागाच नाही. एकदांडीच्या प्रत्येक बीला पिसासारख्या मऊ केसांचा झुपका असतो. फुलोरा पिकला की तो पांढरा, पिंजल्यासारखा गोळा होतो आणि बिया वाऱ्यावर उडतात. उंच भिंतीच्या भेगेत हे झाड पोचतं ते असं. शिवाय जमिनीला टेकलेल्या पेरांना मुळं फुटतात, त्यामुळे वरवर कापून ते जात नाही. माक्याच्या बियांना असा झुपका नसतो. त्या हिरव्या बटणासारख्या गच्च बसलेल्या असतात आणि पिकल्यावर काळ्या पडतात.

जागेवरूनही अंदाज येतो. एकदांडीला कोरडी, उन्हाची, तुडवलेली जागा चालते आणि ती बारा महिने फुलते. माक्याला ओल लागते, म्हणून तो नाल्याच्या काठी, भातशेतीच्या बांधावर, पाणी साचणाऱ्या खळग्यात सापडतो. पण गळक्या नळाजवळ दोन्ही शेजारी शेजारीही उगवू शकतात, म्हणून केवळ जागेवर विसंबू नये.

आणखी एक नाव ध्यानात ठेवावं: गॅलिन्सोगा. हेही अमेरिकेतूनच आलेलं, मधोमध पिवळं, कडेला तीन दात्यांच्या पाच पांढऱ्या पाकळ्या. मात्र तिचं फूल एकदांडीच्या निम्म्याहूनही लहान असतं, पान पातळ आणि मऊ असतं आणि तो लांब एकटा दांडा तिला नसतो.