विपील : माया बायकांचं सणासमारंभाचं वस्त्र

विपील म्हणजे मेक्सिकोच्या चियापास राज्यात आणि ग्वाटेमालात माया बायका घालतात तो सैल झगा. रोजचा वेगळा आणि सणाचा, लग्नाचा वेगळा. फोटो बघून सगळे याला भरतकाम म्हणतात, पण चियापासच्या डोंगराळ भागातल्या जुन्या पद्धतीच्या विपीलवर नक्षी नंतर सुईने भरत नाहीत, मागावर विणतानाच घालतात. माग म्हणजे तरी काय, नुसत्या काठ्या, एक टोक झाडाला नाहीतर खांबाला बांधायचं, दुसऱ्या टोकाचा पट्टा कमरेमागून घ्यायचा आणि पुढेमागे झुकून ताण सांभाळायचा. मग उभे धागे मोजून मोजून त्यात रंगीत धागा बोटांनी अडकवायचा, एकेक ओळ, त्यामुळे समारंभाच्या एका विपीलला कित्येक महिने जातात.

मुख्य नक्षी शंकरपाळ्याच्या आकाराची. त्सोत्सिल (चियापासमधला एक माया समाज) बायकांच्या विपीलवर हा आकार म्हणजे चार कोपऱ्यांचं जग, मधे सूर्य. शेजारी बेडूक असतो कारण तो पावसाला हाक मारतो. आणि ही नक्षी खरंच खूप जुनी आहे, याशचिलान या प्राचीन माया शहरातल्या इ.स. ७२५ च्या सुमाराच्या दगडी शिल्पात राणी काबाल शोकच्या अंगावर असेच चौकोन कोरलेले दिसतात (ते शिल्प आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधे आहे).

चियापासमधल्या सिनाकांतान गावचा लग्नाचा विपील तर बघतच राहावा असा, पांढऱ्या सुतात कोंबडीची पांढरी पिसं विणलेली. कोंबडीला पंख असून ती घर सोडून उडत नाही तसं नवरीने राहावं, असा त्याचा अर्थ सांगतात. हा अर्थ मला पटत नाही, पण कारागिरीला तोड नाही.

चर्चमधल्या संतांच्या मूर्तींनाही विपील घालतात. १९७० च्या दशकात चियापासमधल्या सान क्रिस्तोबाल शहरात स्ना होलोबिल ही विणकर बायकांची सहकारी संस्था उभी राहिली, तेव्हा विसरत चाललेले नमुने परत शिकायला असे जुने विपीलच कामी आले.

ग्वाटेमालात आता भांडण आहे ते नक्कल करणाऱ्यांशी, कारण मशीनवर छापलेलं स्वस्त कापड बाजारात आलं की हाताने विणणारीला भाव मिळत नाही आणि मोठे ब्रँड तर न विचारताच डिझाइन उचलतात. २०१६ मधे विणकर बायका याविरुद्ध संविधान न्यायालयात गेल्या, आणि त्यांची मागणी अशी की नमुन्यांवर हक्क एकेकटीचा नाही, अख्ख्या गावाचा धरा.