वहीतल्या पतंगांचा कायमचा पत्ता

कपाशीत कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारा सापळा, लावला की रोज सकाळी त्यात अडकलेले गुलाबी बोंडअळीचे नर पतंग मोजायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागे सरासरी ८ पतंग आले की फवारणीची वेळ झाली असं समजायचं. यवतमाळकडच्या आमच्या गावात हे आकडे वहीत लिहितात आणि हंगाम सरला की वही फडताळात जाते. २०१७ साली बोंडअळीनं विदर्भातली कपाशी पोखरली, त्या हंगामाची आमची वही पुढे वाळवीनं खाल्ली. तिची हळहळ अजून जात नाही.

आता आम्ही हे आकडे झेनोडोवर ठेवतो. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेनं २०१३ मध्ये सुरू केलेलं हे संशोधनाच्या फाईलींचं मोफत ऑनलाइन भांडार. एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाईली मावतात. आमचा अख्खा हंगाम काही केबींत बसतो.

वेबसाईटवर फॉर्म भरूनही हे जमतं, पण दर हंगामाला तेच करायचं तर पायथॉन या संगणकाच्या भाषेतला छोटा प्रोग्राम बरा. खात्यातून पासवर्डसारखं एक गुप्त टोकन मिळतं, ते प्रोग्राममध्ये न लिहिता वेगळं जपायचं. प्रोग्राम आधी कोरी नोंद उघडतो, तिच्यात फाईल चढवतो, मग शीर्षक, नावं, तालुका, ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) कधी बदलला ही माहिती भरतो.

फाईल पोचली की सर्व्हर तिच्यातल्या मजकुरावरून काढलेला ३२ अक्षरांचा ठसा परत पाठवतो. फाईलमधल्या एखाद्या ८ चा ९ झाला तरी ठसा पार बदलतो. प्रोग्राम आपल्याकडच्या फाईलचा ठसा काढून ताडून पाहतो आणि दोन्ही जुळले तरच प्रकाशित करतो. मध्येच लाईन गेली, नेटवर्क तुटलं, तरी अर्धवट फाईल जगापुढे जात नाही. खेड्यात काम करणाऱ्याला याचं मोल लगेच कळतं.

प्रकाशित झाल्यावर नोंदीला डीओआय, म्हणजे कायमचा पत्ता मिळतो. मग फाईल सहजी बदलता येत नाही. चूक सापडली तर नवी आवृत्ती, तिला नवा डीओआय. जुनी तशीच राहते. म्हणून आधी झेनोडोच्याच सरावाच्या साईटवर, सँडबॉक्सवर, हात बसवून घ्यावा.

नाल्याकडच्या सापळ्याच्या रकान्यात आमच्या दोन जागा कोऱ्या आहेत. तिथं शून्य टाकलं तर पतंग आलेच नाहीत असा अर्थ होईल. म्हणून त्या कोऱ्याच ठेवल्या आणि शेजारी लिहिलं: झडी होती, वावरात जाता आलं नाही.