पॅशन : अर्थ आणि वापर

पॅशन हा तीव्र भावना, कामभावना, संताप, यातना आणि जीव ओतून जोपासलेली आवड एवढे अर्थ असलेला इंग्रजी शब्द आहे. पुण्याच्या बोलण्यात त्यातला शेवटचाच अर्थ रुळला. ‘फोटोग्राफी माझं पॅशन आहे’ हे वाक्य कोथरूडपासून हिंजवडीपर्यंत कुठेही ऐकू येते. मराठीत त्याचे लिंग अजून ठरलेले नाही. ‘माझं पॅशन’ आणि ‘माझी पॅशन’ दोन्ही चालतात.

मूळ लॅटिन धातूचा अर्थ सोसणे, भोगणे असा आहे. ‘पेशंट’, ‘पॅसिव्ह’ आणि ‘कम्पॅशन’ हे शब्द त्याच कुळातले. इंग्रजीत पॅशन आला तो फ्रेंचमार्फत, येशूने क्रुसावर सोसलेल्या यातना या अर्थाने. माणूस जे करत नाही तर त्याच्यावर जे ओढवते, त्या सगळ्याला पुढे हा शब्द लागू झाला आणि त्यातून प्रबळ भावना हा अर्थ आला. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४९ मध्ये विस्मय, प्रेम, द्वेष, इच्छा, आनंद आणि दुःख अशा सहा मूळ पॅशन सांगितल्या. तिथे ‘आवड’ घातली तर वाक्याला अर्थच उरत नाही. ‘भावविकार’ हा शब्द बसतो. ‘स्थायीभाव’ मोहात पाडतो, पण तो संस्कृत काव्यशास्त्रातल्या रससिद्धांताचा पारिभाषिक शब्द आहे, तो तिथेच राहू द्यावा.

पॅशन फ्रूटच्या नावातही यातनाच आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या मिशनऱ्यांना या वेलीच्या फुलात काट्यांचा मुकुट, पाच परागकोशांत पाच जखमा आणि तीन कुक्षींत तीन खिळे दिसले. याच कुळातले कृष्णकमळ पुण्यात अनेकांच्या कुंपणावर चढलेले असते. आपल्याकडे त्याच्या तंतूंना शंभर कौरव आणि पाच परागकोशांना पांडव म्हणतात. या फळाला ‘प्रेमफळ’ म्हणणे चूक आहे.

भाषांतर करताना शब्द कशाबद्दल आला आहे ते आधी पाहावे. फावल्या वेळातल्या आवडीला छंद म्हणावे. गाठायच्या ध्येयाबद्दल असेल तर ध्यास. दीर्घ अभ्यासाला व्यासंग हाच शब्द आहे : पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चालले, त्याला छंद म्हणता येणार नाही. दिनकर केळकरांनी बाजीराव रस्त्याजवळच्या संग्रहालयासाठी दिवे, अडकित्ते, वाद्ये आयुष्यभर गोळा केली. त्याला ध्यास किंवा वेड दोन्ही शोभतात. ‘नाद’ जपून वापरावा, ‘नादी लागणे’ची छाया त्यावर पडते. भाषण पॅशनेट असेल तर ते आवेशपूर्ण किंवा तळमळीचे, आणि प्रेम तसे असेल तर उत्कट. शब्दकोशातला ‘वासना’ हा पर्याय सरसकट उचलल्याने सर्वांत जास्त घोळ होतात.

मानसशास्त्रात रॉबर्ट व्हॅलरँड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पॅशनचे दोन प्रकार मांडले. पहिल्यात माणूस कामात रमतो, पण गरज पडली तर थांबू शकतो. दुसऱ्यात ते काम त्याच्यावर स्वार होते : दुखापत झाली तरी तो धावायचा थांबत नाही. मराठीत पहिल्याला समरसता आणि दुसऱ्याला झपाटलेपण म्हटले तर फरक लगेच कळतो.

कायद्यात अर्थ पुन्हा वेगळा. भारतीय न्याय संहितेत खुनाची व्याख्या करणाऱ्या कलम १०१ मधील चौथा अपवाद पूर्वनियोजन नसलेल्या, अचानक उद्भवलेल्या भांडणातील मारामारीबद्दल आहे. आरोपीने गैरफायदा घेतला नसेल आणि क्रूर किंवा असाधारण रीतीने वागला नसेल, तरच तो लागू होतो. त्यातल्या ‘हीट ऑफ पॅशन’ला रागाचा भर किंवा भावनेचा आवेग म्हणावे, तिथे प्रेमाचा किंवा वासनेचा संबंध असावा लागत नाही.

इंग्रजीत लिहिताना ‘पॅशन’ या नामानंतर ‘फॉर’ येते आणि ‘पॅशनेट’ या विशेषणानंतर ‘अबाउट’. ‘आय ॲम पॅशनेट फॉर कोडिंग’ ही नोकरीच्या अर्जांतली नेहमीची चूक. ती सुधारली तरी नुसता दावा पोकळच वाटतो. कोणते काम, किती काळ केले आणि त्यातून काय तयार झाले हे लिहिले, तर बहुतेक वेळा हा शब्द गाळताही येतो.