घरात वायफायची रेंज मिळत नाही? तक्रार नोंदवण्याआधी हे वाचा

‘नेट चालत नाही.’ आम्ही तुमच्या घरी फायबरने नेट पुरवतो, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक फोनची सुरुवात याच वाक्याने होते. पण या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या तक्रारी असतात. एक म्हणजे आमच्या खांबावरून तुमच्या घरातल्या डब्यापर्यंत, म्हणजे राउटरपर्यंत, येणारी लाइन बिघडलेली असते. ते काम आमचं, त्याचे पैसे लागत नाहीत आणि त्यात तुम्ही काही करावं अशी अपेक्षाही नाही. दुसरी म्हणजे डब्यापर्यंत नेट व्यवस्थित येतंय, पण तिथून पुढे माजघरात, माडीवर किंवा मागच्या खोलीत ते हवेतून पोचत नाही. हा दोष घराच्या भिंतींचा आणि डब्याच्या जागेचा असतो. तो बऱ्याचदा एक पैसाही खर्च न करता घरच्या घरी कमी करता येतो. हे पत्रक मुख्यतः त्याबद्दल आहे.

आधी दोष कुठला ते ठरवा

डब्यावरचे दिवे बघा. ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा आणि ‘लॉस’ लिहिलेला दिवा बंद असेल तर फायबरमधून, म्हणजे नेट आणणाऱ्या काचेच्या बारीक तारेतून, प्रकाश येतोय. ‘लॉस’ लाल झाला असेल, मग तो स्थिर असो की लुकलुकता, तर फायबर कुठेतरी तुटलंय किंवा जास्त वाकलंय. अशा वेळी डबा दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही, थेट आम्हाला कळवा. फायबरची पिन काढून बोटाने पुसू नका आणि तिच्या टोकात डोळा लावून बघू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेझरचाच असतो. ‘पॉन’ हिरवा असूनही नेट सारखं तुटत असेल तर आमचा माणूस मीटर लावून प्रकाशाची ताकद मोजतो. ती वजा २७ डीबीएमच्या (ताकद मोजायचं एकक) खाली, म्हणजे वजा २८, वजा २९ अशी उतरली असेल तर दोष लाइनचाच, मग भिंतींकडे बोट दाखवायला जागा उरत नाही.

दिवे ठीक असतील तर राउटरच्या खोलीत, त्याच्यापासून दोन-तीन मीटरवर उभं राहून स्पीड तपासा. लॅपटॉप असेल तर लॅनची वायर लावून तपासलेलं सगळ्यात चांगलं, कारण त्यात हवेचा संबंधच येत नाही. जवळ पूर्ण स्पीड मिळतो आणि आतल्या खोलीत मिळत नाही, तर लाइन चांगली आहे, वायफाय कमी पडतंय. जवळही मिळत नसेल तर आम्हाला फोन करा.

इथे दोन गोंधळ नेहमी होतात. प्लॅन एमबीपीएसमध्ये असतो, म्हणजे मेगाबिट. फाइल उतरवताना संगणक दाखवतो ते मेगाबाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला १२ मेगाबाइटने उतरत असेल तर तुम्हाला पूर्ण स्पीड मिळतोय. दुसरा गोंधळ २०० किंवा ३०० चा प्लॅन घेणाऱ्यांचा: वायर लावूनही आकडा ९० ते ९५ वर अडकतो. हा बहुतेक वेळा वायरीचा दोष असतो. लॅनच्या वायरीत तारांच्या चार जोड्या असतात. त्यातली एक जरी तुटली किंवा क्लिप नीट बसली नसली तरी जोडणी १०० वर उतरते. जुन्या राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्टच १०० चं असेल तरीही हेच दिसेल.

राउटर कुठे ठेवलाय?

आपल्याकडची जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. नऊ इंची किंवा त्याहून जाड भिंती, एकामागे एक ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मग मागची पडवी. वायर येते रस्त्याच्या बाजूने, म्हणजे ओटीवर, आणि डबाही तिथेच खिडकीजवळ बसतो. त्यामुळे अर्धी रेंज खळ्यात आणि रस्त्यावर जाते, आणि मागच्या पडवीत बसून अभ्यास करणाऱ्या पोराच्या वाट्याला तीन चिऱ्याच्या भिंती येतात. लहरी भिंतीतून तिरप्या गेल्या तर त्यांना कापायची जाडी आणखी वाढते. नऊ इंची भिंत तिरप्या वाटेवर सहज बारा-तेरा इंचांची होते.

यावर पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे डबा माजघरात आणणं. फायबर बारीक असतं, दाराच्या चौकटीवरून आत नेता येतं. ते काम आम्ही करून देतो, फक्त जादा लागलेल्या वायरीचे पैसे घेतो. स्वतः ओढत नेऊ नका. तीव्र कोनात वाकलेल्या फायबरमधून प्रकाश बाहेर गळतो आणि मग खरोखरच लाइन बिघडते.

जागा ठरवताना उंची साधारण डोक्याएवढी धरा. जमिनीवर नको, पोटमाळ्यावर तर नकोच. टीव्हीच्या मागे, फ्रीजवर, लोखंडी कपाटाशेजारी, मोठ्या आरशामागे ठेवू नका. धातूवरून लहरी परततात, आणि आरशाची मागची बाजूही धातूचा मुलामाच असते. पाणी लहरी शोषून घेतं, म्हणून माशांची टाकी आणि पाण्याचा पिंपही मध्ये नको. कौलांचा त्रास फारसा होत नाही. पत्र्याचा होतो. गच्चीवर किंवा मागच्या अंगणावर पत्र्याची शेड घातली असेल तर तिच्यापलीकडे रेंज जाईल अशी आशा सोडा. खिडक्यांना डासांची जाळी लोखंडी असेल तर तिचाही थोडा अडथळा होतो.

राउटर कपाटात ‘दिसू नये म्हणून’ ठेवणारे बरेच आहेत. घर सुंदर दिसतं हे मान्य, पण कपाटात तो तापतो, आणि तापलेला राउटर मध्येच अडखळतो.

अँटेनांबद्दल एक गैरसमज आहे. काडी जिकडे रोखली तिकडे रेंज जास्त, असं नसतं. रेंज काडीभोवती मेदुवड्याच्या आकारात पसरते, काडी वड्याच्या भोकातून गेलेली. म्हणजे काडीच्या टोकाच्या दिशेला रेंज सगळ्यात कमी असते. घर बैठं असेल तर सगळ्या काड्या सरळ उभ्या ठेवा. माडीवरही रेंज हवी असेल तर एखादी आडवी करून बघा. आणि चार काड्यांचा राउटर दोन काड्यांच्या राउटरच्या दुप्पट लांब जातो, असं दुकानदार सांगत असेल तर त्याला विचारा की फोनमधून परत येणाऱ्या सिग्नलचं काय. संवाद दुतर्फा चालतो, आणि फोनची ताकद राउटरपेक्षा कमी असते. फोनवर रेंजच्या काड्या भरलेल्या आणि तरी पान उघडत नाही, यामागे अनेकदा हेच असतं.

२.४ की ५?

तुमचा राउटर दोन पट्ट्यांवर चालतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंती बऱ्या पार करतो, पण त्याचा वेग कमी आणि त्यावर गर्दी जास्त. मायक्रोवेव्ह ओव्हन, ब्लूटूथ, शेजाऱ्यांचं वायफाय, सगळे तिथेच. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण एक चिऱ्याची भिंत ओलांडताच तो दमतो. म्हणून राउटरच्या खोलीत ५ आणि लांबच्या खोलीत २.४, हा ढोबळ नियम. दोन्हींना एकच नाव दिलं तर फोन स्वतः निवड करतो, पण प्रत्येक फोन शहाणपणाने करतोच असं नाही. त्रास होत असेल तर दोन वेगळी नावं द्या.

सीसीटीव्ही कॅमेरे, स्मार्ट बल्ब आणि सोलर इन्व्हर्टरला लावलेले वायफायचे डोंगल यांतले बहुतेक फक्त २.४ वर चालतात. ‘नवीन राउटर बसवला आणि कॅमेरा बंद पडला’ अशी तक्रार आली तर पहिला संशय यावरच. नवीन राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला तर ही उपकरणं सहसा आपसूक जोडली जातात.

शहरात, फ्लॅटमध्ये राहत असाल तर चॅनेल, म्हणजे पट्ट्यातला राउटर वापरतो तो भाग, बदलून फरक पडू शकतो. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यांतला ज्यावर गर्दी कमी तो निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा. ४० केली की शेजारच्याशी टक्कर ठरलेली. वाडीत, जिथे दोन घरांमध्ये माडांची बाग आहे, तिथे चॅनेल बदलत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

रेंजचा खरा आकडा

फोनवरच्या काड्यांवर विश्वास ठेवू नका, त्या प्रत्येक कंपनी आपापल्या हिशोबाने दाखवते. अँड्रॉइड फोनवर ‘वायफाय ॲनालायझर’ प्रकारचं कुठलंही फुकट ॲप घ्या. त्यात रेंज वजा आकड्यात दिसते. वजा ५० च्या आसपास उत्तम. वजा ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्धास्त चालतो. वजा ७५ च्या पुढे अडखळायला लागतो, आणि वजा ८५ ला नाव नुसतं यादीत दिसतं. दहाने आकडा घसरला की ताकद एक दशांश होते, म्हणून वजा ६० आणि वजा ७० यांत दिसतो त्यापेक्षा फार मोठा फरक आहे. हातात फोन घेऊन घरभर एक फेरी मारा आणि खोल्यांचे आकडे कागदावर लिहा. राउटर हलवून परत फेरी मारा. या दोन कागदांवरून जे कळतं ते आम्हाला फोनवर कितीही विचारून कळणार नाही.

रिपीटर विकत घेण्याआधी

ऑनलाइन मिळणारा भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा रिपीटर, म्हणजे आलेलं वायफाय पुढे पाठवणारं यंत्र, लोक घेतात आणि जिथे रेंज नाही त्या खोलीत लावतात. तिथे तो काय पुढे पाठवणार? त्यालाच काही ऐकू येत नसतं. रिपीटर राउटर आणि त्या खोलीच्या मध्ये, जिथे रेंज अजून वजा ६५ च्या आसपास आहे, तिथे लावायचा. तरीही एकाच पट्ट्यावर घ्यायचं आणि त्याच पट्ट्यावर द्यायचं असल्याने वेग साधारण निम्मा होतो. व्हॉट्सॲपपुरतं चालेल, ऑफिसच्या मीटिंगसाठी आम्ही सुचवणार नाही.

मेश संच, म्हणजे एकमेकांशी जोडलेले दोन-तीन वायफायचे डबे, त्यापेक्षा बरा, पण चिऱ्याच्या घरात दोन डब्यांमधला हवेतला दुवाही त्याच भिंतींतून जातो, हे खर्च करण्याआधी लक्षात घ्या.

आमचं मत सरळ आहे: लॅनची एक वायर मागच्या खोलीपर्यंत ओढा आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरीने आलेलं नेट नुसतं वायफायवर देणारा डबा म्हणून, लावा. तुमच्याकडे पडलेला जुना राउटरही चालतो, त्यात ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो चालू करायचा. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखे ठेवा, म्हणजे फोन चालता चालता एकावरून दुसऱ्यावर जातो. वायर कॅट ६ ची आणि शुद्ध तांब्याची मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त पडते, पण ती ठिसूळ असते आणि काही वर्षांत त्रास देते. लॅनच्या वायरीची मर्यादा १०० मीटर, घरासाठी ती पुरून उरते.

होम-स्टेवाल्यांना खास सूचना. मुख्य घरापासून बागेतल्या खोल्यांपर्यंत तांब्याची लॅन वायर झाडांवरून नेऊ नका. वळवाच्या पावसात आसपास वीज पडली की त्या वायरीतून येणारा झटका दोन्हीकडची उपकरणं घेऊन जातो. तिथे फायबरच टाकावं, तेही लोखंडी तार नसलेलं.

पाऊस, लाइट आणि गणपती

पाऊस पडतोय म्हणून घरातलं वायफाय कमी होत नाही. इतक्या कमी अंतरात पावसाच्या थेंबांचा काही परिणाम जाणवत नाही. भिजलेल्या चिऱ्याच्या भिंतीने आणि मध्ये असलेल्या ओल्या झाडोऱ्याने थोडी रेंज घटते, एवढंच. पावसाळ्यातल्या बहुतेक तक्रारींच्या मागे फांदी पडून तुटलेली वायर, उंदराने कुरतडलेली वायर किंवा लाइट असते.

लाइट गेली की इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणभरातही राउटर बंद होऊन पुन्हा उठतो, आणि उठायला त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की हा त्रास संपतो. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. व्होल्ट तंतोतंत जुळायला हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. राउटर लाइट न जाताही आपोआप बंद-चालू होत असेल तर आधी ॲडॉप्टर बदलून बघा, तो राउटरच्या आधी म्हातारा होतो. विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

गणपतीत चाकरमानी घरी येतात आणि चार फोनांच्या घरात वीस फोन होतात. त्यातले निम्मे आरतीचे व्हिडिओ गुपचूप गूगल फोटोजवर चढवत असतात. वर जाणारी वाट अशी भरली की रेंज पूर्ण असूनही बोलणं तुटतं, पानं उघडत नाहीत, आणि शिव्या आम्हाला बसतात. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळं करा आणि राउटरमध्ये सोय असेल तर त्याला वेगाची मर्यादा घाला. नसेल तर फोटो बॅकअप रात्री चालू करायला सांगा. पाहुणे गेले की पासवर्ड बदला, नाहीतर तो पुढच्या वर्षापर्यंत वाडीभर होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ असल्याचीही त्याच वेळी खात्री करून घ्या. ‘डब्ल्यूईपी’ असेल तर पासवर्ड असून नसल्यासारखा, आणि वेगही ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही.

फोन करताना

पावतीवरच्या नंबरावर फोन केलात तर एवढं हाताशी ठेवा: ‘पॉन’ आणि ‘लॉस’ दिव्यांची अवस्था, राउटरजवळ मिळालेला स्पीड, त्रास असलेल्या खोलीतला वजा आकडा, आणि त्रास दिवसभर असतो की ठरावीक वेळीच. रात्री आठ ते अकराच त्रास होत असेल तर ते मुद्दाम सांगा. तेव्हा आम्ही तुमच्या घरी माणूस पाठवण्याआधी आमच्या बाजूची गर्दी तपासतो.