इम्प्लांटवरील तत्काळ तात्पुरती कॅप

जबड्याच्या हाडात इम्प्लांट, म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, बसवल्यावर त्याच बैठकीत किंवा एक-दोन दिवसांत त्यावर चढवलेला ॲक्रिलिकचा दात. ही कॅप दिसण्यासाठी असते, चावण्यासाठी नाही. सोलापुरात हा भेद रुग्णाच्या गळी उतरवणे शस्त्रक्रियेइतकेच अवघड.

मूळ पद्धतीत अशी घाई नव्हती. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. त्यांच्या शिस्तीत खालच्या जबड्यात सुमारे तीन आणि वरच्या जबड्यात सहा महिने स्क्रू हिरडीखाली शिवून ठेवत. पुढे लक्षात आले, की स्क्रूला भार अजिबात चालत नाही असे नव्हे. त्याचे हलणे चालत नाही. शंभर-दीडशे मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त हालचाल झाली तर त्याभोवती हाडाऐवजी तंतूंचा मऊ थर तयार होतो. म्हणून स्क्रू पिळताना पान्यावर साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटरचा जोर मिळाला तरच कॅपचा विचार करतात. रात्री दात खाणाऱ्याला किंवा विडी-सिगारेट न सुटणाऱ्याला शक्यतो थांबवतात. मिश्रीचे बोट ताज्या टाक्यांवर फिरवणे तर नकोच.

कॅप बसवल्यावर निळ्या कागदाची पट्टी दातांमध्ये धरून चावायला सांगतात. कॅपवर निळा ठिपका उमटला की तेवढी जागा घासायची आणि पुन्हा चावायला सांगायचे. जबडा डावी-उजवीकडे सरकवूनही ठिपका उमटेनासा झाला म्हणजे समोरचा दात तिला टेकत नाही. कॅप शक्यतो स्क्रूनेच आवळतात, कारण चिकटवण्याचे सिमेंट जखमेत उतरले तर हिरडी धुमसत राहते. पुढच्या दातांत या कॅपचा खरा फायदा हिरडीला होतो: दोन दातांमधले तिचे त्रिकोणी टोक कॅपच्या आधाराने टिकते. पूर्ण जबड्याचे दात एकदम बसवायचे असतील तर गणित वेगळे. तिथे चार-सहा इम्प्लांट एकाच पट्टीने बांधलेले असल्याने एकमेकांना धरून राहतात.

धोका पहिल्या दिवशी कमी असतो. नंतर स्क्रूला धरून ठेवणारे जुने हाड झिजू लागते, नवे अजून कच्चे असते. त्यामुळे दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पकड सर्वांत ढिली पडते. नेमके तेव्हा टाके निघालेले असतात, दुखणे थांबलेले असते, आणि समोर कडक भाकरी येते. ती आमटीत कुस्करून, पार मऊ करून मागच्या दातांनी खाल्ली तर हरकत नाही. नुसती पुढच्या दातांनी मोडणे, ऊस सोलणे, भाजक्या शेंगा फोडणे दोन महिने तरी बंद. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या तोंडावर दात बसवणाऱ्याला हे दोनदा सांगावे लागते.

तीन ते सहा महिन्यांनी तात्पुरती कॅप काढून, तिने घडवलेल्या हिरडीचे माप घेऊन सिरॅमिक किंवा झिर्कोनियाचा कायमचा दात करतात. मधल्या काळात कॅप तुटली तर दुसरी करता येते. स्क्रूच हाडात हलू लागला तर तो काढून, हाड भरण्याची वाट पाहून, सगळे पहिल्यापासून.