'सत्यकथे'ची होळी, तिच्या आधीचं आणि नंतरचं

अनियतकालिकं, म्हणजे ठरलेल्या वेळेला न निघणारे छोटे साहित्यिक अंक, म्हटलं की सगळे थेट साठोत्तरीवर, म्हणजे १९६० नंतरच्या लिखाणावर येतात, पण मुंबईत 'शब्द' १९५४ लाच निघालं होतं आणि अडखळत का होईना १९६० पर्यंत चाललं. तरुण कवी, त्यात चित्रकलेकडून आलेलेही, आणि अंक सायक्लोस्टाइल. म्हणजे मेणाच्या स्टेन्सिलवर मजकूर उमटवायचा, शाईचा रूळ फिरवायचा आणि स्टेन्सिल फाटेपर्यंत प्रती काढायच्या. खिळे जुळवायचा खर्च नाही आणि मुख्य म्हणजे कुणा संपादकाला विचारायचं नाही. १९६३ ला 'असो' आलं, मग 'फक्त', 'येरू', 'भारुड', 'चक्रवर्ती', काही दोन-चार अंकांतच संपली.

वाद होतो तो १९६९ चा. अनियतकालिकवाल्या बंडखोर तरुणांनी गिरगावात खटाववाडीत 'सत्यकथा' या प्रतिष्ठित साहित्यिक मासिकाच्या कचेरीसमोर त्याचा अंक जाळला, त्यावर अजूनही दोन तट पडतात. एक बाजू म्हणते हा कृतघ्नपणा होता, कारण बंडखोरांपैकी काहींच्या सुरुवातीच्या कविता 'सत्यकथे'नेच छापल्या होत्या, आणि तिथले संपादक एकेका कथेवर लेखकाशी किती पत्रव्यवहार करायचे हे सगळ्यांना माहीत आहे. हे खरंच आहे. पण माझ्या मते मुद्दा तिथे नाहीच, मुद्दा हा की चांगलं साहित्य कुठलं हे एकाच कचेरीत ठरायचं आणि ज्याची भाषा चाळीतली, झोपडपट्टीतली, गावकुसाबाहेरची आहे त्याने ती घासूनपुसून आणली तरच आत प्रवेश, मग असा माणूस निषेधाचं विनंतीपत्र लिहून कुणाला देणार होता? आणि जाळणं काही नवीन नव्हतं, १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली होती, ते आठवल्याशिवाय ही कृती समजत नाही. नुसता पोरकटपणा म्हणून ती निकालात काढणं मला पटत नाही. साहित्य जाळू नये हे म्हणणारे मात्र सगळेच प्रस्थापित नव्हते, हेही सांगायला हवं.

नंतर घडलं ते फार मोठं. याच वर्तुळातले काहीजण १९७२ ला मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित तरुणांच्या आक्रमक संघटनेत पुढे होते, त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला आणि कवितेत कुठले शब्द चालतात हा प्रश्नच जुना झाला. 'असो' काढणाऱ्याने पुढे छोटंसं प्रकाशन चालवलं आणि 'शब्द'वाल्यांपैकी एकाचा पहिला मराठी कवितासंग्रह १९७७ ला तिथूनच आला, म्हणजे पहिल्या अंकानंतर तब्बल तेवीस वर्षांनी, कुठल्याही मोठ्या प्रकाशकाशिवाय. 'सत्यकथा' १९८२ ला बंद पडली, अर्थात होळीमुळे नाही.

नव्वदीत 'शब्दवेध', 'सौष्ठव', 'अभिधानंतर' आली तेव्हा डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, हाताशी होतं, अंक देखणे झाले. जागतिकीकरणातलं शहर, जाहिराती, टीव्ही हे सगळं कवितेत आधी यांनीच घेतलं. साठच्या लोकांसारखी समोर एकच एक कचेरी मात्र यांना नव्हती.