खुलासा: फ्रेजल व्हर्ब म्हणजे नुसतं पाठांतर नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे स्पर्धा परीक्षेच्या तयारीत एक समज पक्का बसलाय: फ्रेजल व्हर्बना (क्रियापदाला 'अप', 'ऑफ' असा छोटा शब्द जोडून होणाऱ्या इंग्रजी क्रियापदांना) नियमच नसतात, मराठी माध्यमवाल्यांनी यादी घोकावी आणि मोकळं व्हावं. हे खरं नाही.

'यूज अप', 'ईट अप', 'ड्राय अप' शेजारी ठेवून बघा. तिन्हींत 'अप'मुळे क्रिया पुरती संपल्याचा अर्थ येतो. आपण 'खाऊन टाक' म्हणतो, शेजारचे कानडीत 'तिंदुबिडु' म्हणतात, तसंच. दोन्ही भाषा कानावर पडत वाढलेल्या पोरांना ही जोडणी नवखी नाही, आणि हे त्यांना कुणी सांगत नाही याचं फार वाईट वाटतं. अर्थात 'गिव्ह अप', 'ब्रिंग अप' त्यात बसत नाहीत. ते वाक्यातूनच शिकावे लागतात.

यादी खरी फसते ती शब्दक्रमात. 'पुट इट ऑफ' बरोबर, 'पुट ऑफ इट' चूक. उलट 'लुक आफ्टर इट' बरोबर, तिथे 'इट' मधे घालता येत नाही. चूक शोधायच्या प्रश्नात नेमकं हेच विचारलं जाऊ शकतं. म्हणून वहीत अर्थाशेजारी 'इट' घातलेलं एक वाक्यही लिहा.